एक वाटी जर्दाळूचा जॅम

४ मे
आले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकीतून बर्नी गावचा समुद्र दिसतो. खुब्याचं हाड जुळेपर्यंत सहा आठवडे या वृद्धांच्या निवासात, मग माझं घर आणि माझी मांजर. फ्रान्सेसने, माझ्या लेकीने, तसं वचनच दिलंय. चहाबरोबर टोस्टवर जर्दाळूचा जॅम होता, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अलोशियस करायच्या अगदी तसा. नर्स लीनेट म्हणाली, मोयरा राणी, हवा तेवढा घे गं. फार लाघवी मुलगी. रक्तदाब किंचित वाढलाय म्हणून तिने एक इवलीशी गुलाबी गोळीही दिली. शेजारच्या खोलीत मर्व्ह आहे, जन्मभर गाईंच्या धारा काढलेला. त्याने बजावलं, मागच्या कुलूपवाल्या दाराकडे फिरकू नकोस, डोकं फिरलेल्यांना तिथे ठेवतात आणि तिथून सुट्टी मिळते ती थेट वरच.

१३ मे
पावलं इतकी सुजली की बूट चढेनात. डॉक्टरांनी सूज उतरवायला पाण्याची गोळी दिली, तर दिवसभर संडासाच्या वाऱ्या. मर्व्ह म्हणाला, तिथेच बिऱ्हाड कर की! म्हणून आता लघवी थोपवायची तिसरी गोळी. मर्व्ह म्हणतो, तुला उचलून हलवलं तर खुळखुळ्यासारखी वाजशील.

२१ मे
तोंडाला टिपूस ओल नाही, जीभ टाळूला चिकटते. प्रार्थनेच्या पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी पांगतात.
दुपारी लख्ख उन्हात खिडकीपाशी तीन मुली बसल्या होत्या. पांढरे झगे, डोक्यावर पांढरी जाळी. पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर जिभेवर घेताना, आम्ही दिसत होतो तशाच. माझे डोळे भरून आले. कौतुकाने लीनेटला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. संध्याकाळी भासांवर चौथी गोळी आली.

२८ मे
हात थरथरतात. सूप तोंडाऐवजी मांडीवर. मान वळत नाही. मुली आता सात आहेत. पलंगाशी रांगेने उभ्या, जीभ बाहेर काढून, वाट बघत. फ्रान्सेस येऊन रडली. डॉक्टर पाच जूनला माझं डोकं तपासणार. जमलं नाही तर घर नाही. मागचं दार.

३० मे
ही वही शेवटच्या पानापासून मागे वाचत गेले. प्रत्येक त्रासाच्या आधी एक नवी गोळी! वेड नाही लागलेलं मला. लीनेटला पानं दाखवली. म्हणाली, अक्षर किती सुरेख होतं गं तुझं. मग दाराबाहेर कुणाला तरी हळूच म्हणाली, आता संशयही घ्यायला लागलीय.

३१ मे
सिस्टर शिकवायच्या, पवित्र भाकर दातांना लागू द्यायची नाही, तोंडात हळुवार धरायची. ते मला अजून जमतं. चारही गोळ्या गालात, मग रुमालात.

३ जून
ओठ ओले आहेत. मुली दोनच, त्याही पुसट. नाव सरळ रेषेत लिहून पाहिलं. मोयरा डूली. मोयरा डूली. आणखी दोनच दिवस—

४ जून
लीनेटला रुमाल सापडला. रागावली नाही. गालावरून हात फिरवला, त्याचीच भीती वाटली. म्हणाली, गिळायला त्रास होतो का माझ्या राणीला? करू आपण काहीतरी सोपं.

५ जून, सकाळ
डोकं स्वच्छ. डॉक्टर अकराला. फ्रान्सेस निघालीय.
लाड चाललेत माझे. टोस्ट नाही, नुसता जर्दाळूचा जॅम, वाटीभर. लीनेट स्वतः भरवत होती, मीही लहान मुलीसारखी खात गेले. शेवटच्या चमच्याला दाताखाली कचकच. कडू—
मर्व्ह दारातून ओरडतोय, थुंक मोयरा, थुंक, रुमालातल्या सगळ्या गोळ्या कुटून घातल्यात तिने—
वाटी रिकामी.

साडेदहा
जीभ टाळूला. रेघा हलतात. फ्रान्सेस ये— नाही, फ्रान्सेस नाही. त्या. सगळ्या. रांगेत एक जागा सोडलीय—
नाव लिहिते. ते येतं मला. डॉक्टरांना दाखवीन.
मोयरा डू
मोय
जीभ आपोआप बाहेर—