न्हावऱ्याचा सुडोव्हिकोवाइट

३ मे २००१, गुरुवार

आठ!

आज कोंडिबा मामांनी मला आवाज मोजायला बसवलं. आमच्या विहिरीचं काम त्यांच्याकडंय. तीस वर्षं सुरुंग लावतायत. अडतीस फुटांवर काळा पाषाण लागलाय. आठ होलं मारली, वाती पेटवल्या, वर आले. नियम असा – जेवढी होलं तेवढे आवाज, तरच माणसं खाली उतरणार. मी बांधावर, मांडीवर झेरॉक्स, वाचता वाचता मोजले. मामांना सातच वाटले. मी म्हटलं, नाही, आठ. मामा हसले – "माझ्या कानाचं काय खरं हाय? शिकल्याली पोर तू. आठ म्हंजी आठच." मग चौघं उतरले.

पलीकडच्या वस्तीवर हनुमंतची हळद. ताशा, सुतळी बॉम्ब, नुसता धिंगाणा. एक पान धड वाचून होत नाही.

कॉलेज उघडलं की सेमिनार. जिऑलॉजीच्या मॅडमनी खनिजांच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. कुणाला क्वार्ट्ज, कुणाला कॅल्साइट. मला सुडोव्हिकोवाइट! अख्खा वर्ग हसला. नाव नीट उच्चारायलाच दोन दिवस गेले.

४ मे

प्लॅटिनम एक, सेलेनियम दोन. रंग पिवळसर पांढरा, चमक धातूची. पाण्याच्या साडेनऊ पट जड. आणि एवढा जड असून मऊ! कडकपणा दोन-अडीच – म्हणजे नखानं ओरखडा पडेल न पडेल. का, तर आत थर आहेत. सेलेनियम, प्लॅटिनम, सेलेनियम – एक थर. मग मोकळी जागा. मग परत तेच. थर थरावरून सरकतो.

सकाळी आईनं बाजरीची भाकरी टाकली, टम्म फुगली, पापुद्रा सुटला. मी म्हटलं, आई, हेच! आई म्हणाली, खा गप.

सापडला कुठं, तर रशियात, करेलियात. खाणीच्या नावात 'पद्मा' आहे! बर्फात कुणीतरी पद्मा!

वर्गवारी अजून डोक्यात बसत नाही. गंधक औषधाला नाही, तरी मोठ्या वर्गाचं नाव सल्फाइड. त्यात मेलोनाइटचा गट. आता मेलोनाइट म्हणजे निकेल आणि टेल्युरियम – ना प्लॅटिनम, ना सेलेनियम. मग एका गटात कसे? आतली मांडणी सारखी म्हणून. भावकीच ही. तोंडं वेगळी, घराचा नकाशा एक.

५ मे

सापडला!!!

विहिरीतून यारीनं वर ओढलेल्या दगडांच्या ढिगावर झिओलाइटचे स्फटिक शोधत होते. मुठीएवढा एक दगड, त्याला मोठी चीर, चिरेत माती गच्च बसलेली. त्या मातीत चकाकी. मुगाच्या दाण्याएवढी, पिवळसर पांढरी, धातूसारखी. नखानं ओरखडा पडला. पडला असं वाटतंय. सुईनं तर पडलाच.

मातीतून काढला नाही. मॅडमचा पहिला नियम – नमुना सापडला तसाच ठेवायचा, उकरायचा नाही. ओढणीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय. दर दहा मिनिटांनी जाऊन बघते.

आप्पांना म्हटलं, काम थांबवा, ढिगात अजून असेल. आप्पांनी ढिगाला एक फेरी मारली. मग म्हणाले, "चार-पाच दिस थांबू. पण कोंडिबाला यवतचं काम हाय, शुक्रवारी जाणार त्यो. त्याच्या आत काय ते ठरव."

६ मे

ढीग पालथा घातला. दुसरा दाणा नाही.

७ मे

एसटीडीवरून मॅडमना फोन केला. पहिला प्रश्न – केवढाय? मी म्हटलं, मुगाएवढा. मॅडम हसल्या. खरे दाणे मायक्रोस्कोपखाली शोधावे लागतात म्हणे, आणि आपल्या बसाल्टमध्ये तो असायचं काही कारण नाही. "तरी आण, आहे तसा. फोडू नकोस."

फोडू नको, उकरू नको. मग कळणार कसं?

आणि आप्पांबरोबर डेअरीवर दूध घालायला गेले, तर गावातल्या पोपटरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, किती तोळं निघालं? मी म्हटलं प्लॅटिनम नाही, प्लॅटिनम सेलेनाइड. ते म्हणाले, व्हय व्हय, आडनाव लावलं की भाव वाढतूच. सगळे हसले. आप्पा पण हसले, पण कॅन उचलून लगेच निघाले. गावात आप्पांचं हसं व्हायला नको. इंग्लिश मीडियमच्या फीवरून आधीच लोकांनी त्यांना कमी ऐकवलेलं नाही.

८ मे

दौंडला गेले मोनिकाकडं. शाळेत दहा वर्षं एका बाकावर काढलीत. तिला घेऊन नेट कॅफेत बसले. एक पान उघडायला पाव तास. पण मिळालं! सेलेनियमवालं खनिज तापवलं की वास येतो – हॉर्सरॅडिशचा. मोनिका म्हणाली, घोड्याचा मुळा का गं? दोघींनाही माहीत नाही. कॅफेवाल्याला पण नाही. शेवटी ठरवलं, सडक्या मुळ्याचा वास.

कोळसा हवा, आणि ब्लोपाइप. म्हणजे नळीनं फुंकर मारून जाळ दाण्यावर आणायचा. येताना एसटीत एकदम पेटली ट्यूब – ब्लोपाइप म्हणजे आपली फुंकणीच की!

९ मे, बुधवार

करू की नको? मॅडम म्हणाल्या आहे तसा आण. पण पुण्याला त्यांच्याकडं जाईपर्यंत मामा यवतला गेलेले असतील. थोडं तापवलं तर काय बिघडणार आहे?

संध्याकाळी आप्पांना समजावत बसले – खनिज ओळखायला घासून रेघ बघतात, तिला स्ट्रीक म्हणतात. आप्पा म्हणाले, "सोनार कस लावतो, तसं म्हण की." कस! दोन वर्षं स्ट्रीक-स्ट्रीक करते, हा शब्द ठाऊकच नव्हता.

मग विचारलं, तुम्ही लहानपणी मेंढरं राखायचा, रोज मोजायचा का? आप्पा म्हणाले, मेंढरं कधी मोजायची नसतात. एकेकाचं तोंड ओळखीचं असतं, कमी असलं की नुसतं बघून कळतं. "मोजणारा फसतो. दुसऱ्याचं मेंढरू वाड्यात शिरलं तर आकडा बरोबरच येतोय."

उद्या दुपारी आई कांद्याच्या चाळीवर जाणार. चूल मोकळी.

१० मे

लिहिता येतंय का बघते.

दुपारी मागच्या चुलीवर कोळसे लाल केले. सांडशीत दगड धरला, चकाकी जाळाकडं. फुंकणी तोंडाला लावली होती. फुंकर मारायची तेवढी राहिली होती.

मामा आप्पांशी शेवटचं बोलायला आले होते. चहा व्हायचा होता म्हणून मागं पाणी प्यायला आले. ओरडले नाहीत. अगदी साधं बोलले, एखाद्या वासराला चुचकारावं तसं. "पोरी, त्यो दगड जाळापासनं लांब घे. टाकू नको. हळू खाली ठिव."

ठेवला. मला हात धरून विहिरीच्या बांधापर्यंत नेलं आणि मग एकटे परत गेले. ओल्या बोटानं चिरेतली माती पुसली, हे नंतर त्यांनीच सांगितलं. पाच दिवस मी पुसली नव्हती, ती. खालून गोल, गुळगुळीत कड निघाली. थर नाहीत, पापुद्रे नाहीत. नळी. ॲल्युमिनियमची.

सुरुंगाची केप – वातीच्या टोकाला असते, दारू उडवणारी. भरलेली. शेजारच्या होलाच्या दणक्यानं फेकली जाऊन चिरेत बसलेली.

आणि मी तिला सुईनं ओरखडलं. उशाजवळच्या ट्रंकेत ठेवलं.

आप्पा उंबऱ्यावर खाली बसले. मला वाटलं रागावतील. माझ्याकडं बघितलंच नाही त्यांनी.

मामांनी केप दगडासकट ओल्या पोत्यात ठेवली, ओढ्याकडं नेऊन पुरून आले. उद्या सकाळी बघतो म्हणाले. मग माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. रागात नव्हते. "त्या दिशी आठ म्हणालीस. आठवा कुठं आला – कानात का पायात?"

मी म्हटलं, म्हणजे?

"सुरुंगाचा आवाज आधी पायात येतो. फटाक्याचा नुसता कानात. माझं कान गेलं, पाय न्हाई गेलं. मला सातच आल्ते." विहिरीकडं हात केला. "तरी तुझं ऐकलं. चुकी माझी बी हाय."

पहिलं पान उघडलं. आठ. त्याच्याखाली हळद, सुतळी बॉम्ब. दोन्ही माझ्याच अक्षरात. आणि मधे – मग चौघं उतरले.

११ मे, शुक्रवार

सकाळी मामांनी ओढ्यात केप उडवली. मी बांधावर होते. चप्पल काढून.

पायात आला.

आठ.