ढिगात पिवळा खडा नाही

८ डिसेंबर, सोमवार. मुदखेड. सांज.

चैन पडत नाही म्हणून लिहितो. सूनबाई मागच्या आवारात गुलाबाच्या रोपांसाठी छोटं पॉलीहाऊस उभं करते आहे. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात फाटते. मुरूम लागेपर्यंत पाया खोदला नाही तर सगळा सांगाडाच वाकायचा. आणि तिचा तर त्या रोपांत जीव अडकलाय.

दुपारी माझा डोळा लागला, तेवढ्यात किशन मिस्त्रीनं तीन कोपरे सिमेंटनं भरूनही टाकले. चौथा खड्डा उद्या भरणार म्हणे. मी विचारलं, "मुरूम लागला का रे?"

"लागला की काका. बिनघोर राहा."

मग उकरलेल्या ढिगात मुरमाचा एकही पिवळा खडा का नाही? सगळी काळी मातीच. सूनबाई म्हणते, "मामा, तुम्ही तर दूधवाल्यावरबी शक घेता." घेतो. दूध पातळच असतं. पण हे माझं म्हातारपणाचं वेड तर नसेल?

शेवटी त्या उघड्या खड्ड्यात पहार मारली. मुरूम असता तर खण्णकन वाजली असती. वीतभर मुकाट आत गेली. सूनबाईनं ते पाहिलं, मग त्या काळ्या ढिगाकडं पाहिलं, आणि माझ्यासमोरच किशनला फोन लावला. "मिस्त्री, तिन्ही कोपरे उद्या उकरायचे. मुरूम लागलाच न्हाई."

तिकडून किशन म्हणतो, "आँ? काका तर झोपले होते ना?"

उद्यापासून माझी बाज खड्ड्यापाशी.