चंपाषष्ठीपर्यंत वांगं तोडायचं नाही

मोताळा, ९ नोव्हेंबर १९३७

आजपासून रोज लिहायचं. मलकापूरच्या जिनिंग फॅक्टरीत कारकुनी करत होतो तेव्हा माझ्या आयुष्याला सिस्टिम होती. रिटायर होऊन गावी आलो आणि सिस्टिम गेली. उद्यापासून पुन्हा सिस्टिम.

दिवाळीचं प्रकरण एकदा सरळ लिहून ठेवतो, कारण घरात कोणी ते सरळ सांगत नाही. आमच्या कोकिळेला माहेरी पोचवायला व्याही रंगराव स्वतः अमडापूरहून आले. जेवताना म्हणाले, आमच्या मळ्यातल्यासारखं भरताचं वांगं अख्ख्या वऱ्हाडात नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, की अमडापूरचं वांगं पाणचट, भरीत करायच्या आधी पिळून दोरीवर वाळत घालावं लागतं. यात रागावण्यासारखं काय आहे? शिवाय ताटात वांगं नव्हतंच. दोन्ही घरांचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत आम्हाला वांगं वर्ज्य. जो पदार्थ ताटात नाही त्यावरून पानावरून उठणं अनसायंटिफिक आहे.

एकटे उठले असते तर चाललं असतं. महिनाभर राहायला आलेल्या कोकिळेला दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेऊन गेले.

तेव्हापासून बायको, अन्नपूर्णा, माझ्याशी भांडी आपटून बोलते. आज तोंडाने बोलली. म्हणे, अमडापूरले जा, इवायाची माफी मागा अन् माह्या पोरीले घेऊन या. मी म्हणालो, माफी मागणार नाही, प्लॅन करीन.


१० नोव्हेंबर

प्लॅन तयार. परसात माझी वांग्याची बारा झाडं आहेत. मी स्वतः लावलेली. (खड्डे शेजारच्या उकंडरावाने केले, पाणी अन्नपूर्णा घालते.) व्याह्यांना चंपाषष्ठीला जेवायला बोलवायचं. माझ्या वांग्यांचं भरीत आणि रोडगे वाढायचे. पहिल्या घासालाच ते म्हणतील, अर्जुनराव, चुकलो. मग कोकिळा आपोआप राहील.

त्यांना झोपायला मी स्वतःच्या हाताने बाज विणणार. बाजारच्या बाजेवर व्याही झोपवणं बरं दिसत नाही.

ऑर्डर काढली: चंपाषष्ठीपर्यंत एकही वांगं तोडायचं नाही. जितके दिवस झाडावर, तितकं मोठं. हे साधं गणित आहे.

अन्नपूर्णेला गणित येत नाही. म्हणे, अहो, इतके दिवस झाडावर ठेवलं का जून होते ते, बिया भरतात. तोडून शेजारीपाजारी वाटून द्या, नवे येतील. मी म्हणालो, वाटून दिल्याने कोणाचं भलं झालंय?


१३ नोव्हेंबर, सकाळचे पाच (म्हणजे उठायचं ठरलं होतं तेव्हाचे)

थंडी पडली. पाचला उठून झाडांभोवतीची माती भुसभुशीत करायची असं ठरलं होतं. पण मुळांनाही थंडी वाजत असणार, त्यांच्या अंगावरची माती कशाला काढा. ऊन वर आल्यावर परसात घोंगडी टाकून बसलो. तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात सुपरव्हिजन केलं. झाडं समाधानी दिसली.

उकंडराव चिखलीकडे बैल पाहायला चाललाय. त्याच्याबरोबर अमडापूरला निमंत्रण धाडलं. तो म्हणे, माफीचं काई सांगू का? मी म्हणालो, तू बैल पाहा.


१७ नोव्हेंबर

बाजेचं काम सुरू. माळ्यावरची अंबाडी काढली, भिजवली, सुतळी वळायला बसलो. मांडीवर वळतात. मांडीवरचे केस सुतळीत वळले गेले. यामुळे सुतळी मजबूत होते असा माझा अंदाज आहे.

दिवसभरात हातभर सुतळी झाली. स्पीड वाढवावा लागेल.


१८ नोव्हेंबर

सुतळी बाजारातून आणली. विणणार तर मीच आहे ना.


२२ नोव्हेंबर

आनंदाची बातमी! वांग्यांवर सोनेरी झाक आली. आधी हिरवी, पांढऱ्या रेघांची होती. आता जणू पितळेचे तांबे टांगलेत. ही बहुधा नवीनच जात निघाली.

उकंडराव परत आला. कुंपणावरून पाहून म्हणे, काऊन जी, वांगे पिवळे पडून राह्यले? मी म्हणालो, सोनेरी. तो म्हणे, हाव, पिवळे. त्याला रंगांची समज नाही. वर म्हणे, मले वांगं चालते, एक द्या, भाजून पाह्यतो अन् सांगतो कसं लागते ते. मी ओळखून आहे त्याला. चव पाहायच्या नावाखाली भाकरीसकट जेवण आटोपील. दिलं नाही.

निरोप आणलाय. रंगराव येतात म्हणे. कोकिळेलाही आणतात. पण तिला ठेवायची का परत न्यायची, ते पानावरून उठल्यावर सांगू.

म्हणजे सगळं वांग्यावर आलं. मला जराही काळजी नाही. संध्याकाळी झाडांकडे चार वेळा जाऊन आलो ते सहज.


२८ नोव्हेंबर

बाज पूर्ण! पॅटर्न माझा स्वतःचा. इतर बाजांत सुतळी आडवी-उभी अशी गच्च आवळतात, माणूस फळीवर निजल्यासारखा निजतो. मी मोकळी ठेवलीय. शरीराने आपली जागा आपण करून घ्यावी.

टेस्टसाठी उकंडरावाला बसवलं. तो बसला आणि खाली गेला. बराच खाली. दोन्ही गुडघे कानांपाशी आले, धोतर जमिनीला टेकलं. तिथूनच म्हणे, अर्जुनराव, मले काहाडा. मी विचारलं, मऊ वाटतं का? तो म्हणे, काहाडा पह्यले. अन्नपूर्णेने एक हात धरला, मी दुसरा. बाहेर आल्यावर त्याने मताविषयी काहीच सांगितलं नाही. म्हणजे तक्रार नाही.

अन्नपूर्णा हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. कशाला हसली ते विचारलं नाही.


२ डिसेंबर

आज अन्नपूर्णा चुलीपाशी रडत होती. धूर नव्हता, मी पाहिलं. म्हणे, एक वाक्य कमी बोलले असते त घरात राह्यली असती पोरगी. तुमाले जीभ आवरत नाई अन् तिच्या पायात बेडी. पुन्हा म्हणे, ते वांगे तोडा हो, अजून कवळे येतील चारदोन. मी म्हणालो, प्लॅन मधेच बदलत नसतात.

कोकिळा असली की थंडीच्या सकाळी चुलीजवळची जागा माझी असते. पहिली भाकरी माझ्या ताटात, वर जवसाची चटणी, त्यावर तेलाची धार. खाता खाता ती माझी टिंगल करते आणि मी रागावल्यासारखं करतो. सासरी ती कोणाची टिंगल करत असेल? मला तिची फार आठवण येते. हे इथेच लिहितो. अन्नपूर्णेला सांगितलं तर म्हणेल, मग माफी मागा.


५ डिसेंबर

झाडांना नवीन फूल एकही नाही. सगळी शक्ती जुन्या वांग्यांत एकवटली. उत्तम.

एक वांगं वाजवून पाहिलं. आत बियांचा भरगच्चपणा जाणवतो. भरीव माल!

चव कशी असेल हे मात्र अजून कोणालाच माहीत नाही. घरात सगळ्यांना वर्ज्य आणि उकंडरावावर विश्वास नाही. असू दे. पोराचं लग्न ठरवताना कोणी पोराला चाखून पाहतं का?


७ डिसेंबर, संध्याकाळ

आले! रंगराव बैलांच्या दमणीतून उतरले. तोंड बंद गळ्याच्या कोटासारखं. मला फक्त रामराम. मागून कोकिळा उतरली. वाळली आहे पोर. माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणे, बाबा, तुमची मिशी एका बाजूनं काऊन कमी झाली? (शेकोटी. लिहायचं राहिलं होतं.)

रंगरावांनी एक मोठी टोपली आणली, वर फडकं बांधलेलं. व्याही माणूस रिकाम्या हाताने येत नाही, पेरू असतील. मी विचारलं नाही, हावरट दिसतं. टोपली आत गेली. थोड्या वेळाने मायलेकींचं कुजबुजणं आणि हसणं ऐकू आलं. बायकांना पेरूचं एवढं काय असतं?

मी समारंभाने परसात गेलो, एकेक वांगं स्वतः तोडलं, सूप भरून अन्नपूर्णेच्या स्वाधीन केलं. म्हणालो, घराची अब्रू तुझ्या हातात देतोय. ती सुपाकडे बघत राहिली. मग म्हणे, द्या, सांभाळते.


८ डिसेंबर, चंपाषष्ठी

विजय!

देवाची तळी उचलली, येळकोट केला, नैवेद्य दाखवला. पंगत बसली: मी, रंगराव, उकंडराव आणि गल्लीतले दोघे. ताटात रोडगे, कांद्याची पात आणि भरीत.

पहिला घास घेतला. काय ते भरीत! लोण्यासारखं मऊ, गोडसर, जाळावर भाजल्याचा वास, बी नावाला नाही. (शिजल्यावर बिया विरघळत असाव्यात.) जवळपास पाच महिन्यांनी वांगं तोंडात गेलं आणि तेही असलं. डोळ्यांत पाणी आलं.

रंगराव माझ्याचकडे पाहत होते. मीही ओळखलं, वेळ हीच. पण स्वतःचं नाव घेऊन स्वतःची स्तुती करणं आमच्या घराण्यात नाही. म्हणून नाव न घेता बोललो. म्हणालो, मंडळी, हे वांगं ज्याने पिकवलं त्याच्या हाताला तोड नाही. असा माणूस वऱ्हाडात दुसरा होणे नाही. आणि या वांग्याला ज्याने नावं ठेवली, त्याची जीभ झडो! त्याला अक्कल नाही, त्याने कान धरून माफी मागावी! (हे उकंडरावाला. पिवळं म्हणतो!)

उकंडराव रोडग्याचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. रंगरावांचा चेहरा मात्र एकदम बदलला. घास खाली ठेवला, डोळे पुसले, आणि पानावरूनच माझा हात धरला. खरकट्या हाताने! म्हणे, बस, इवाईबुवा, बस. इतकं बोलू नका. झालं ते झालं. कोकिळा राह्यते संक्रांतीपर्यंत. तुमी म्हणाल तोपर्यंत राह्यते.

दाराआडून अन्नपूर्णेने डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला. माझ्या वांग्यांनी करून दाखवलं. सायन्स ते सायन्स!

दुपारी व्याह्यांना माझ्या बाजेवर झोपवलं. चार वाजेपर्यंत उठले नाहीत. कोकिळा म्हणते, उठायचा प्रयत्न दोनपासून चालला होता. तरी चिडले नाहीत. तिघांनी ओढून काढल्यावर म्हणाले, इवाईबुवा, तुमच्या घरी माणूस अडकतेच.


९ डिसेंबर, सकाळ

व्याही आज निघणार. त्यांची दमणी जुंपत होते तेव्हा विचार केला, उरलेली सोनेरी वांगी भेट द्यावी. अमडापुरात लोकांना दाखवतील. सूप शोधत माजघरात गेलो. सूप कोपऱ्यात पोत्याखाली होतं. भरलेलं. एकच वांगं कमी.

अन्नपूर्णेला विचारलं. तिने आधी दार लोटलं. म्हणे, एक भाजून पाह्यलं होतं मी परवाच. नुसत्या बिया अन् कडू. थुंकून टाकलं, म्हटलं देवाले काय दाखवू? वर्ज्यात चाखलं म्हणून खंडोबाचीही माफी मागावी लागली मले. मग इवायानं टोपलीत आणले होते त्याचं भरीत केलं. त्याईले सांगूनच केलं.

मी विश्वास ठेवला नाही. चुलीतल्या निखाऱ्यांवर एक टाकलं, भाजलं, सोलायचीही वाट न पाहता चाखलं.

खरं आहे.

म्हणजे काल मी चार जणांसमोर अमडापूरच्या वांग्यावर डोळ्यांत पाणी आणलं. जीभ झडायला सांगितली ती माझीच. कान धरायला सांगितले तेही. आणि रंगरावांना टोपली कोणाची ते माहीत होतं.

मी उठलो. म्हणालो, गैरसमज झालाय, दूर केला पाहिजे. मी माफी मागितलेली नाही. मी माझ्या वांग्यांविषयी बोलत होतो, आत्ता बाहेर जाऊन चार लोकांत सांगतो.

कोकिळा दारात उभी होती. हातात परात, भाकरीचं पीठ. आज टिंगल केली नाही. एवढंच म्हणे, बाबा, राहू द्या न मले.

बाहेर आलो. रंगराव दमणीत बसले होते, शेजारी उकंडराव आणि कालचे दोघे निरोपाला. रंगराव म्हणे, इवाईबुवा, काल तुमी लोकाईत कबूल केलं, याले मोठं काळीज लागते. माह्या मनात काई राह्यलं नाई. फक्त एकदा, जाता जाता, पुन्हा म्हणा. घरी जाऊन आमच्या म्हातारीले सांगतो तसंच्या तसं.

मागे चुलीवर भाकरी पडल्याचा वास आला.

मी म्हणालो, अमडापूरच्या वांग्याले तोड नाई. दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा उकंडरावाला नीट ऐकू आलं नाही.