झील कोणी धरायची?

शिकागो,
१२ मार्च १९८१, गुरुवार

प्रिय ऑर्डेल,

तू बरी असशील, तुझ्या नवऱ्याची, अमोसची कंबर बरी असेल आणि तुमच्या क्लार्कस्डेलला एव्हाना पीचला मोहर आला असेल, असं धरून चालते. इथे अजून बर्फ आहे. तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. फाडण्याआधी निदान वाच. कुणाचंही पत्र न वाचता फेकायला आईने आपल्याला शिकवलं नव्हतं.

माझा आवाज ठणठणीत आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी इतका चांगला असेल असं मलाही वाटलं नव्हतं. रेकॉर्ड महिनाअखेर पुरी करायची आहे. नऊ गाणी झाली, आणि अशी झाली आहेत की ऐकून माझी मीच खूश होते. दहावं अडलंय. आईच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता आपण दोघींनी रचलेलं, तेच.

ड्वेनशी माझी रोज जुंपते. पोरगा हुशार आहे, पण निर्माता झाला की माणसाला आपण देवाच्या उजव्या हाताला बसलोय असं वाटायला लागतं. दोन वर्षांपूर्वी डिस्को जोरात होतं तेव्हा हाच मला वीस व्हायोलिनांखाली पुरत होता. आता डिस्को बुडालं. व्हायोलिनं गेली, ड्रम वाजवणारा रॉस्को घरी बसला आणि टेबलावर एक काळा डबा आला. बटण दाबलं की ताल.

"हा चुकत नाही, उशिरा येत नाही आणि जेवायला मागत नाही, मिस झेल्मा," ड्वेन म्हणाला.

"मग लग्न कर त्याच्याशी."

"तुम्ही तालाच्या मागे गाता."

"मी मागे नाही. तो डबा पुढे पळतोय. त्याला कुठे गाडी पकडायचीय?"

तीन दिवस असंच चाललं. शेवटी सहा गाण्यांना मी रॉस्कोला परत आणलं आणि तीन डब्याला सोडली. त्यातलं एक, खोटं कशाला बोलू, फक्कड झालंय. हे मी ड्वेनला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

पण दहावं. फेब्रुवारीत ते मी अकरा वेळा गायले. अकराव्यांदा ड्वेनने काचेपलीकडून हात वर केला.

"मिस झेल्मा, प्रत्येक ओळीनंतर तुम्ही चार मात्रा गप्प बसता. डबा वाजत राहतो आणि तुम्ही डावीकडच्या भिंतीकडे बघता. तिथे काय घालू?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चर्चमध्ये आई ओळ म्हणायची आणि डावीकडच्या बाकावरच्या बायका ती उचलायच्या. पुढे बावीस वर्षं मी ओळ म्हटली आणि डावीकडून तू झील धरलीस. माझा श्वासच तसा बसलाय. ड्वेनने त्या जागी इलेक्ट्रिक ऑर्गन घालून पाहिला. दारात मांजराची शेपटी सापडल्यासारखा आवाज आला, तो काढायला लावला. मग झील माझी मीच म्हटली. आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची, असं झालं ते. जागा न सोडता सलग गायले, तर तिसऱ्या ओळीला धाप लागली.

या सोमवारी ड्वेनने मला खुर्चीवर बसवलं आणि एक टेप लावली. ऑक्टोबरमधली. माझी ओळ झाली आणि तुझा आवाज आला.

"मी हा पुसायला सांगितला होता," मी म्हणाले.

"हो, तुम्ही सांगितला होता."

वाचलंस ना, ऑर्डेल? मी सांगितला होता. पाच पानं फाडून हे सहावं लिहितेय, आता हात थांबवत नाही.

त्या दिवशी तू कोपऱ्यावर मासे खायला गेलीस आणि आम्ही टेप ऐकत बसलो. ड्वेन, रॉस्को, यंत्रावरचा माणूस. माझ्या ओळीला सगळे मान हलवत होते. तुझा आवाज आला की चेहरे फुलत होते. रॉस्को तर डोळे मिटून हसला. ड्वेन म्हणाला, "ही बाई इतकी वर्षं मागे का उभी आहे?" मी जळले. मी म्हटलं, हिचा आवाज काढ, पूस. तो अर्धा तास माझ्याशी भांडला. मी म्हटलं, रेकॉर्डवर नाव माझं आहे. तेव्हा तो मानेने हो म्हणाला. पुसला मात्र नाही.

आणि तू परत आल्यावर मी तुला काय सांगितलं? ड्वेनला तुझा आवाज जुनाट वाटतो. तू विचारलंस, "आणि तू काय म्हणालीस?" मी म्हटलं, "माझ्या हातात काय आहे?" सगळं माझ्याच हातात होतं. तू चारच्या बसने गेलीस, आणि मी तुला सोडायला स्टँडवरसुद्धा आले नाही. मला लाज वाटते, ऑर्डेल. तेव्हाही वाटत होती.

आता ड्वेन म्हणतो, तीच टेप वापरू, तिला रेडिओवर ऐकून आनंदच होईल. मी नाही म्हटलं. तुझ्यामागे तुझा आवाज काढला, आता तुझ्यामागे तो परत घालणार नाही.

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर त्या चार मात्रा रिकाम्या राहतील. तुझा डबाही तिथे बंद."

"लोकांना वाटेल रेकॉर्ड बिघडलीय."

"वाटू दे."

यावर त्याने डोकं धरलं, पण ऐकलं. भांडायचं कसं ते मला अजून येतं.

तू हो म्हणालीस तर वेष्टनावर दोघींची नावं, एकाच मापाच्या अक्षरात. टेप वापरू दे, नाहीतर पंचवीस तारखेला दुपारी दोनला ये आणि नव्याने गा. मी जळणार नाही असं वचन देत नाही. तू चांगली गायलीस की मी जळेनच. पण या खेपेला ते गाण्यातच काढीन. आणि रेकॉर्ड अडली म्हणून ही माफी मागतेय असं वाटलं, तर येऊ नकोस, गाऊ नकोस. माफी तरीही मागितलेली आहे.

एक काम मात्र कर. तुमच्या चर्चमधल्या बायका पाच महिने ड्वेनच्या नावाने बोटं मोडताहेत, हे मला माहीत आहे. तो पोरगा यात निर्दोष आहे. रविवारी प्रार्थनेत सगळ्यांपुढे उठून साक्ष द्यायची वेळ आली की उभी राहा आणि हे पत्र मोठ्याने वाच, माझ्या नावासकट. डावीकडच्या बाकावरच्यांनाही ऐकू जाईल असं वाच.

तुझ्या आवाजाला घाबरलेली,
तुझी थोरली बहीण
झेल्मा