पोर घरात रडेपर्यंत

आई, तुझी नात दत्तक मूल घेते आहे. घेते म्हणजे मागते आहे. देतील की नाही ते अजून ठरलेलं नाही, आणि नाही दिलं तर त्यात माझा हात असेल. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज लिहायला बसलो तो एवढ्यासाठी.

ती आणि जावई इंग्लंडात असतात. तिची पोटातली दोन मुलं टिकली नाहीत, मग त्यांनी अर्ज केला. तिकडे मूल द्यायच्या आधी घर तपासायला एक बाई येते. खोल्या बघते, घरातल्या म्हाताऱ्यालाही प्रश्न विचारते. मी तेव्हा तिथेच होतो. लेक पाळणा आणायला निघाली होती, भिंतींना पिवळा रंग द्यायचा म्हणत होती. मी म्हटलं, "पुट्टी, आधी काही करू नको. मूल येऊ दे." दोनदा पोळलेली पोर, तिला माझं लगेच पटलं. जावई एवढंच म्हणाला, "मामा, मग बाईला दाखवायचं काय?" मी म्हटलं, "घर दाखवा. घर लख्ख आहे." आणि खरंच, मुलासाठी ठेवलेली खोली मी स्वतः झाडून पुसून काढली. इस्त्रीचं टेबलसुद्धा बाहेर नेऊन ठेवलं. माझ्या लेखी तीच तयारी होती.

हे मी कुठून शिकलो ते तुला सांगायला नको. तरी सांगतो, कारण आता ते आठवणारा मी एकटाच उरलोय. लष्कर मोहल्ल्यातलं आपलं घर, पुढे अण्णांचं शिवणकामाचं दुकान, मागे तू उंबऱ्याशी बसून काजं करते आहेस. राज्यं नव्यानं आखली गेली त्यानंतरची ती वर्षं. घर मराठी, शाळा कन्नड. शाळेत पाळण्याची एक कविता शिकवली होती, ती मी तुला कन्नडात म्हणून दाखवतो आणि लगेच मराठीत अर्थ सांगतो. राजाचं बाळ, चांदण्यांचा पाळणा, वाऱ्याची दोरी. तू दोरा दातानं तोडून म्हणतेस, "त्या पोराला अंगात घालायला कोण शिवतं रे? तुझा कवी? साकु, पुरे आता, बटणं दे इकडे." तुझं पोट तेव्हा चांगलंच दिसायला लागलं होतं. नंजनगूडच्या एका लग्नाचे कपडे शिवून मलमलीचा तुकडा उरला होता. अण्णांनी त्यावर कात्री चालवली आणि तू ओरडलीस, "अजून पोटात आहे! बेडा, नको म्हणते ना!" अण्णा हसले. "शिंप्याचं पोर उघडं येणार होय?" कापलेलं कापड तसंच ठेवणं तुला जमेना. झबलं तूच शिवलंस, गळ्याला बारीक लाल टीप घातलीस.

मुलगी झाली. सुईणीनं तिला उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या. मी दाराबाहेर रडण्याची वाट बघत उभा होतो. रडणं आलं नाही. अण्णा तिला त्याच झबल्यात गुंडाळून घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. त्यानंतर तू एकच वाक्य बोललीस आणि ते घराचं शास्त्र होऊन बसलं: "पोर घरात रडल्याशिवाय सुईत दोरा नाही." माझी लेक होणार होती तेव्हा तू कापडाला बोट लावलं नाहीस. ती रडली, तसं ट्रंकेतून जुनी निळी साडी काढलीस, आणि दुपार व्हायच्या आत झबलं, टोपडं, दुपटं, सगळं तयार.

घर तपासायला आलेली ती इंग्लंडातली बाई निवृत्तीला आलेली होती. आपली ती पोर जगली असती तर एवढीच असती, असं तिच्याकडे बघताना वाटून गेलं. तिनं रिकाम्या खोलीचं दार उघडलं आणि मला विचारलं, "मुलासाठी इथे काय आहे?" मी म्हटलं, "अजून काही नाही. मूल आल्यावर." "आणि तुम्ही, आजोबा, तुम्ही त्याला काय देणार?" मी म्हटलं, "कविता." ती गोड हसली. पुढे तिच्या कचेरीतून निरोप आला: माणसं चांगली आहेत, पण मूल येणार हे त्यांच्या मनानं धरलेलं दिसत नाही, थांबावं, पुन्हा बघू.

स्वयंपाकघरात लेक माझ्याकडे पाठ करून उभी होती. "अप्पा, तिला काय दिसलं ठाऊक आहे? आम्हाला मूल नकोच आहे, हे दिसलं."

"मी तिला सांगायला हवं होतं, तुझ्या आजीचं."

"काय सांगणार होता? आमच्याकडे मेलेल्या पोरीच्या भीतीनं कपडे शिवत नाहीत, हे? रिकाम्या खोलीत उभं राहून कविता म्हणे!" आणि ती घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिली.

आता मी इकडे, हूटगळ्ळीच्या घरी परत आलोय. परवा तिचा फोन आला. बाई पुन्हा येणार आहे. रंग दिला, पाळणा आणला. "अप्पा, आजीच्या त्या निळ्या साडीचं झबलं शिवून पाठवा. पाळण्यात ठेवते."

"पुट्टी, आधीच?"

"आधीच. या खेपेला नाही म्हणाली ना, तर मी परत कुणाकडे मागणार नाही. साकु झालं मला."

साडीचं उरलेलं कापड काढलं. मूल केवढं असेल कुणाला ठाऊक. वर्षाचं धरून कापलं. कात्री लावताना तुझं "बेडा" इतकं स्पष्ट ऐकू आलं की हात थांबला. एरवी मशीन चालू झालं की शाळेतल्या कविता आपोआप तोंडात येतात. आज एकही आली नाही. शेजारची मुलं बाहेर आरडाओरडा करत होती आणि मी सारखा कान देत होतो, त्यात एखादं तान्हं रडतंय का म्हणून.

झबलं झालं. गळ्याला टीप घातली; लाल नाही, पांढरी. लेकीला फोनवर सांगितलं, पुरं झालं, सकाळी पार्सल निघेल. पण आई, डाव्या काखेत बोटभर शिवण मी मोकळी सोडली आहे, पोर घरात रडेपर्यंत. तिथे कुणी बघत नाही. हे तिला सांगितलेलं नाही, तुलाच सांगतोय.