उजव्या खांद्याचं पॅड

आनंद नगर, भोपाळ

प्रिय अबोली,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा राग उतरतो, म्हणून या वेळी लिहून कुरिअरनं पाठवतोय. शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या मैत्रिणींबरोबर जेवण, आणि तिथं मी जीन्सवर शिवून घेतलेलं जॅकेट घालायचं, हे तू ठरवलंस तेव्हा मला गंमतच वाटली होती. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात दिवसभर मळखाऊ शर्टात वावरणारा मी. माझ्याकडे कोट एकच, दादाच्या लग्नातला. तो चालेल का विचारलं, तर तू म्हणालीस, सुटातला कोट जीन्सवर चढवला की माणूस वऱ्हाडात पँट हरवल्यासारखा दिसतो. मग तुझं कपड्यांचे व्हिडिओ पाठवणं सुरू झालं. जीन्स गडद निळी, कुठं विटलेली नको, फाटकी तर नकोच. जॅकेट नेहमीच्या कोटापेक्षा जरा आखूड, कापडाला चमक नको. बूट तपकिरी. पहिली जीन्स घोट्याशी गोळा होते म्हणून बदलायला लावलीस, दुसरी गुडघ्यावर फिकी आहे म्हणून. कारखाना सुटला की मी न्यू मार्केटात. आई विचारायची, यात नवरी नक्की कोण आहे. मी वैतागायचो, पण खरं सांगू, आवडतही होतं. मला काय शोभेल याचा इतका विचार आजवर कुणी केला नव्हता.

काल शिंप्याकडे ट्रायल होती. जॅकेट घालून आरशात बघितलं तर मी सरळ दिसत होतो. दहावीत सायकलवरून पडलो, हाड वाकडं जुळलं आणि उजवा खांदा दोन बोटं खाली राहिला, हे तुला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तू इथं नोकरीला होतीस तेव्हा तलावाकाठी बसल्यावर त्याच खांद्यावर डोकं टेकायचीस. म्हणायचीस, उंची बरोबर जमते. आरशात तो खांदा डाव्याच्या बरोबरीला आला होता. हात लावून बघितलं तर आत जाड पॅड. जीन्सवरच्या जॅकेटचा खांदा मऊ ठेवतात, आत काही भरत नाहीत, हे तुझ्याच व्हिडिओत ऐकलं होतं, म्हणून मास्टरजींना विचारलं. ते गोंधळले. म्हणाले, “मॅडम का फोन आया था. बोलीं, घर में किसी को पता नहीं है, कंधा बराबर दिखना चाहिए.”

मी आधी हसलो. मग एकेक आठवायला लागलं. तुझे बाबा व्हिडिओ कॉलवर आले की तू मला फोन जवळ धरायला लावायचीस, नुसता चेहरा दिसेल इतका. मी नागपूरला तुमच्या घरी येतो म्हटलं की दर वेळी काही ना काही अडचण निघायची. दोघांचा फोटो काढताना मला तिरकं उभं करायचीस. मला वाटायचं, तुला तसेच फोटो आवडतात.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, अबोलीनं तुझ्या भल्यासाठीच केलं असेल, मनावर घेऊ नकोस. मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तुझा खरा राग मला तेव्हा आला.

आज दुकानात जाऊन पॅड काढून घेतलं. मास्टरजी “पक्का?” म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होते. आता खांदा आहे तसा दिसतो, कापड तिथं थोडं झुकतं. शनिवारी त्या जेवणाला हेच जॅकेट आणि हीच जीन्स घालून मी नागपूरला निघेन. त्याआधी तू बाबांना सांग, एवढं मागायला हे पत्र लिहिलंय. ते नको म्हणाले तर मी त्यांना मनवेन, भांडेन, हवी तेवढी वाट बघेन. पण त्यांना सांगणं तुलाच जमणार नसेल, तर तसं कळव, मी निघणार नाही. माझ्या खांद्याची लाज वाटत असेल तर तेही सरळ सांग, मी ऐकून घेईन. फक्त ती लाज माझ्या कपड्यात शिवून देऊ नकोस.

तुझाच, अजून तरी,
निनाद