दादांच्या सिनेमातला माझा रोल

३ फेब्रुवारी
दादांवर सिनेमा काढतायत. पेपरमधून कळले. मी सख्खा धाकटा भाऊ! दादा जाऊन चार महिने झाले, खरा दुखवटा मी एकटाच पाळतो. वर्षभर गोड बंद. ऑफिस आणि सोसायटी सोडून कोणाला सांगितलेलेही नाही.

५ फेब्रुवारी
डायरेक्टर मनाली नावाची मुलगी आहे. फोन केला. म्हणाली, भाऊ दाखवलेला नाही, 'कारभारी' हे नाव एकदा येतं. माझे नाव, फक्त एकदा! आणि शेजारचे रहेमानभाई टेलर हिरो. सहा वर्षांपूर्वी दादा गोदाघाटावरच्या भाषणात म्हणाले होते, दहाव्याला कावळ्याची वाट बघता, जिवंत माणसाची वाट कोण बघतं? तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर, बोलणारच. गाव पेटले, दादांचा पुतळा जाळला. तेव्हा रहेमानभाई दादांच्या दाराशी बसून होते म्हणे. मी चांदवडला सासुरवाडीत होतो. कांदा काढणी. गाव हायवेवर आहे, पण फोनला रेंज नसते.
सिनेमा बंद पाडणार. मी शांत माणूस आहे, हेच त्यांना महागात पडेल.

११ फेब्रुवारी
वहिनींकडे गेलो. म्हटले, परवानगीची सही देऊ नका. म्हणाल्या, दिली की मागच्याच महिन्यात, भाऊजी. चहात साखर घालू, का दुखवटा आहे अजून?
टोमणा कळला. साखर घालू दिली. चहा गोडात धरत नाहीत.

१९ फेब्रुवारी
नवा प्लॅन, जास्त चांगला. पुतळा जाळणाऱ्या नवनाथला गाठायचे, त्याच्या पोरांकडून शूटिंग उधळायचे.
गेलो तर म्हणतो, काका, सिनेमात मीच हाय ना! माझाच रोल. पुतळा बी मीच बनवतोय, मागच्यापेक्षा लय भारी.
विकला गेलेला माणूस. दुसऱ्यांवर अवलंबून राहायचे नाही.

२ मार्च
उद्या पुतळा जाळण्याचा सीन. गर्दीत शिरून ऐन वेळी ओरडणार, हे सगळं खोटं आहे! शूटिंग वाया. सूड पूर्ण.

३ मार्च
ओरडलो. मनाली पळत आली. वाटले, हात जोडते. म्हणाली, काका, काय राग आहे चेहऱ्यावर! पुढे या ना. फक्त वाक्य बदला, 'भिमाजी मुर्दाबाद' म्हणा.
दादांचेच नाव. पण शत्रूच्या गोटात शिरायचे तर एवढे करावे लागते. मी कोण ते सांगितले नाही, योग्य वेळ बघत होतो. बरेच टेक झाले. शेवटी नवनाथ म्हणाला, काका, दमानं घ्या, आम्ही तवा एवढं नव्हतो चिडलो.
जेवणात जिलबी होती. नाही म्हटले तर संशय आला असता. दोनदा घेतली.
सीन मात्र आतून पोखरला आहे. एडिटिंगला बसतील तेव्हा कळेल.

१४ ऑगस्ट
सिनेमा पाहिला. थेटर भरलेले. वहिनींच्या शेजारी बसलो.
दादा खिडकीशी बसून विचारतात, कारभारी आला का? दारातून रहेमानभाई म्हणतात, येईल सर, रस्त्यात असेल. मग दादा बघतात तो रस्ता दाखवला. गर्दी येते. सगळ्यात पुढे मी. मूठ वर, तोंडात दादांचे नाव.
वहिनी हळूच म्हणाल्या, आलात एकदाचे, भाऊजी.
बाहेर खऱ्या रहेमानभाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. मलाही दिला. म्हणाले, घ्या, तुम्ही तर घरचे.
खिशात आहे. खाल्ला गेला नाही.